चौदा एलडीएल: डलासमध्ये घरोघर जाऊन घेतलेल्या रक्ताने काय शिकवलं

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी ठळक छापलेला आकडा शोधतो. एलडीएलसमोर, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात त्याच्यासमोर, "१०० च्या आत" असं काहीतरी लिहिलेलं असतं. वरची मर्यादा असते, खालची नसते. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर तोच आकडा १४० वरून ६० वर आला की पेशंट, किंवा बरोबर आलेली त्याची मुलगी, काउंटरवर थांबून विचारते, "मॅडम, इतकं कमी झालेलं चालतं ना? मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं म्हणतात." लॅबमध्ये रिपोर्टवर सह्या करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी हे प्रकरण मुळापासून वाचून काढलं.

या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर आलं अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातून. डलास काउंटीतल्या कृष्णवर्णीय रहिवाशांच्या रक्तातून ते सापडलं. आणि ते सापडलं, कारण कोणाचं रक्त तपासायचं हे तिथे आधी विचारपूर्वक ठरवलेलं होतं.

दारात आलेली माणसं

हृदयरोगाच्या जोखमीबद्दल विसाव्या शतकात जे शिकवलं गेलं, त्याचा मोठा भाग फ्रेमिंगहॅम या मॅसॅच्युसेट्समधल्या गावातून आला. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ रहिवाशांचा अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हे हृदयविकाराचे धोके आहेत, हे त्या गावाने जगाला समजावलं. ते ऋण मोठं आहे. पण त्या यादीतले जवळजवळ सगळे लोक गोरे होते. त्यांच्यावरून बेतलेले जोखमीचे तक्ते पुढे सगळ्यांनाच लावले गेले. आपल्याकडच्या डॉक्टरांनीही तेच वापरले.

दुसरीकडे अमेरिकेतले कृष्णवर्णीय हृदयरोगाने गोऱ्यांपेक्षा जास्त आणि कमी वयात मरत होते. हे का होतं, हे शोधण्यासाठी टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न मेडिकल सेंटरने २००० ते २००२ या काळात 'डलास हार्ट स्टडी' केला. याच संस्थेत मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएल रिसेप्टर, म्हणजे रक्तातलं एलडीएल पकडणारं पेशीवरचं प्रथिन, शोधला होता. १९८५ चं नोबेल त्यांना कोलेस्टेरॉलवरच्या याच कामासाठी मिळालं. म्हणजे कोलेस्टेरॉलची माहिती असलेली माणसं घरचीच होती. माहिती नव्हती ती शहराची.

अभ्यासाची आखणी मला फार महत्त्वाची वाटते. दवाखान्यात आलेले पेशंट घेतले नाहीत. काउंटीतल्या रहिवाशांतून यादृच्छिक पद्धतीने माणसं निवडली, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण मुद्दाम निम्म्याच्या आसपास ठेवलं. पहिली भेट घरी झाली: प्रश्नावली, वजन, रक्तदाब. दुसरी भेटही घरीच, रक्त आणि लघवीच्या नमुन्यांसाठी. तिसऱ्या भेटीला स्कॅनसाठी माणूस मेडिकल सेंटरला यायचा. साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी रक्त दिलं.

हे वाचताना अलाबामातलं टस्कीगी विसरता येत नाही. तिथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं पाहत ठेवलं होतं, तेही सरकारी आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली. ज्या समाजाला ही गोष्ट ठाऊक आहे, त्या समाजातल्या माणसाने सुई घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला दार उघडायचं आणि हात पुढे करायचा, याची किंमत कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

उलटा प्रश्न

२००३ मध्ये पॅरिसमधून एक धागा आला. काही फ्रेंच कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एलडीएल खूप जास्त होतं, पण त्याची तोपर्यंत माहीत असलेली कारणं त्यांच्यात सापडत नव्हती. मरियान अबिफादेल, कॅथरीन बॉइलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या कुटुंबांत पीसीएसके९ नावाच्या जनुकात बदल सापडले. त्याच सुमारास माँट्रियलमध्ये नबील सैदा यांच्या प्रयोगशाळेने या जनुकाचं प्रथिन ओळखलं होतं. फ्रेंच कुटुंबांत हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त जोमाने काम करत होतं.

डलासमधल्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी यावरून उलटा प्रश्न विचारला. प्रथिन जास्त चाललं तर एलडीएल वाढतं. मग ते बंद पडलेली माणसं कुठेतरी असतीलच, आणि त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी असेल. पण अशी माणसं शोधायची कुठे? एलडीएल कमी आहे म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. अशा लोकांची कुठलीच ओपीडी नसते. ती सापडतात फक्त घरोघर फिरून केलेल्या यादीत. ती यादी त्यांच्या हाताशी होती.

त्यांनी यादीतले एलडीएल सर्वांत कमी असलेले १२८ लोक घेतले. त्यांत निम्मे कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पीसीएसके९ जनुकाचं एकेक अक्षर वाचलं. काही कृष्णवर्णीयांमध्ये दोन बदल सापडले. पीसीएसके९ हे ६९२ अमिनो आम्लांची माळ असलेलं प्रथिन. एका बदलात ही माळ १४२ व्या जागीच तुटते. दुसऱ्यात ती ६७९ व्या जागी थांबते, म्हणजे शेवटचे जेमतेम १४ मणी गळतात. पण तेवढ्यानेही प्रथिनाची घडी बिघडते आणि ते पेशीतून बाहेरच पडत नाही. डलासमधल्या कृष्णवर्णीयांत साधारण २ टक्के लोकांकडे यांपैकी एक बदल होता आणि त्यांचं एलडीएल सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. युरोपीय वंशाच्या लोकांत हे दोन्ही बदल हजारात एकापेक्षाही कमी आढळतात. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

फ्रेमिंगहॅमसारख्या गावात हाच शोध कितीही काटेकोरपणे घेतला असता, तरी हे दोन बदल हाती लागले नसते. ते तिथे जवळपास नव्हतेच.

आता हे प्रथिन करतं तरी काय? यकृताच्या पेशीवर एलडीएल रिसेप्टर असतात. वडापची जीप नजरेसमोर आणा. ती रक्तातून एलडीएल उचलते, पेशीच्या आत नेऊन उतरवते आणि रिकामी होऊन पुढच्या खेपेला परत बाहेर येते. एक खेप साधारण दहा मिनिटांची. रिसेप्टरचं आयुष्य असतं वीसेक तास, म्हणजे एक रिसेप्टर शंभराहून जास्त खेपा करू शकतो. पीसीएसके९ येऊन चिकटलं की आत गेलेली जीप परत फिरत नाही, थेट भंगारात जाते. जीपा कमी झाल्या की एलडीएल रक्तातच फिरत राहतं. ज्याच्या शरीरात पीसीएसके९ कमी बनतं, त्याच्या जास्त जीपा रस्त्यावर राहतात.

जॅक्सन: ८५ पैकी १

एलडीएल कमी असणं ही रिपोर्टवरची गोष्ट झाली. हार्ट अटॅक कमी आले का, हा खरा प्रश्न. त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेली माणसं हवीत. अशी माणसं 'एरिक' या अभ्यासात होती. १९८७ ते १९८९ या काळात अमेरिकेतल्या चार ठिकाणी ४५ ते ६४ वयाच्या लोकांची नोंद तिथे सुरू झाली होती. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय मिसिसिपीतल्या जॅक्सनचे होते.

३,३६३ कृष्णवर्णीयांच्या नमुन्यांत हे दोन बदल शोधले. ८५ जणांत, म्हणजे २.६ टक्के लोकांत, ते सापडले. त्यांचं सरासरी एलडीएल होतं १०० आणि बाकीच्यांचं १३८. पंधरा वर्षांत बाकीच्या ३,२७८ जणांपैकी ३१९ जणांना हृदयाच्या धमन्यांचा आजार झाला. त्या ८५ पैकी एकाला झाला.

या ८५ जणांचं बाकीचं आयुष्य इतरांसारखंच होतं. त्यांच्यातही उच्च रक्तदाब होता, मधुमेह होता, सिगारेट ओढणारे होते. फरक होता तो जन्मापासून कमी असलेल्या एलडीएलचा. जोखीम ८८ टक्क्यांनी कमी, असा निष्कर्ष २००६ मध्ये छापून आला. गोऱ्यांमध्येही याच जनुकाचा एक सौम्य बदल ३.२ टक्के लोकांत सापडला. त्यांचं एलडीएल १५ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयरोग ४७ टक्क्यांनी.

इथे थोडं थांबायला हवं. १३८ आणि १०० यांतला फरक ३८ चा. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने एलडीएल साधारण एवढंच उतरवलं तर पाचेक वर्षांत हार्ट अटॅक आणि स्ट्रोक यांसारख्या घटना जवळपास एक पंचमांशाने कमी होतात, असं मोठ्या चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. फरक तेवढाच, मग परिणामात इतकी तफावत का? कारण या लोकांच्या धमन्यांना कमी एलडीएल पहिल्या दिवसापासून मिळालं. पन्नाशीत गोळी सुरू करणाऱ्याच्या धमन्यांत तोवर पन्नास वर्षांचा थर साचलेला असतो. एलडीएलचा आकडा किती, याइतकंच तो किती वर्षं तेवढा होता हेही मोजायचं असतं, ही समज पक्की व्हायला या ८५ लोकांनी मोठी मदत केली.

तरीही ८८ टक्क्यांच्या आकड्याला मी डोळे मिटून मान डोलावणार नाही. ८५ पैकी एकाऐवजी चौघांना आजार झाला असता तर हा आकडा बराच खाली आला असता. पुढे कृष्णवर्णीयांचे इतरही अभ्यास एकत्र जोडून मोठा हिशोब केला तेव्हा जोखीम साधारण निम्म्याने कमी दिसली. निम्म्यानेसुद्धा पुष्कळच झालं. पण भाषणांत आणि स्लाइडवर अजून ८८ च फिरतो, आणि ते बरोबर नाही.

चौदा

आता काउंटरवरच्या त्या प्रश्नाकडे येते. एलडीएल किती खाली गेलेलं चालतं?

डलासमधल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीला आई आणि वडील दोघांकडूनही पीसीएसके९ ची बिघडलेली प्रत मिळाली होती. तिच्या रक्तात हे प्रथिन मोजण्याइतकंही सापडलं नाही. तिचं एलडीएल होतं १४. वय ३२, कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई, एरोबिक्स शिकवणारी. यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक. लगेचच झिम्बाब्वेतही अशी एक २१ वर्षांची तरुणी आढळली. तिच्या दोन्ही प्रती ६७९ व्या जागी थांबणाऱ्या होत्या आणि एलडीएल १५ च्या आसपास. तीही निरोगी.

माझ्यासमोर एलडीएल १४ असा रिपोर्ट आला तर मी आधी नमुना पुन्हा लावायला सांगेन. मशीनची कॅलिब्रेशन बघेन, सिरम दुधाळ आहे का ते ट्यूब उजेडात धरून बघेन. आपल्याकडे अनेक लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, फ्रीडवाल्डच्या १९७२ च्या सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, ४०० च्या वर गेलं की ते सूत्र वापरायचंच नसतं, आणि त्याच्या बरंच आधीपासून ते एलडीएल खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवू लागतं. भारतीयांत ट्रायग्लिसराइड जास्त असण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे कमी एलडीएलने लगेच हुरळून जाऊ नये. त्या स्त्रीच्या बाबतीत मात्र आकडा खरा होता आणि ती ठणठणीत होती.

दोन माणसांवरून सगळ्या जगाला हमी देता येत नाही. पण औषध कंपन्यांना आणि संशोधकांना जे धैर्य हवं होतं, ते या दोघींनी दिलं. एक प्रथिन जन्मभर नसलं तरी माणूस नीट जगतो, म्हणजे ते प्रथिन औषधाने अडवायला हरकत नाही. २००३ ला जनुक सापडलं आणि २०१५ ला अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनं अमेरिकेत मंजूर झाली. औषधांच्या जगात बारा वर्षं म्हणजे फारच जलद. इव्होलोक्युमॅबच्या २७,५६४ लोकांवरच्या मोठ्या चाचणीत एलडीएल ९२ वरून ३० वर आलं. साधारण दोन वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे घटना १५ टक्क्यांनी घटल्या, आणि इतकं कमी एलडीएल लोकांना झेपलं. याच प्रथिनावरचं, वर्षातून दोनदा घ्यायचं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन आता भारतातही मिळतं.

आता या प्रकरणातली मला खुपणारी गोष्ट. ज्या समाजाच्या रक्तातून ही वाट सापडली, त्या समाजाचे लोक त्या मोठ्या चाचणीत ३ टक्क्यांहूनही कमी होते. २०१५ मध्ये या इंजेक्शनांची अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला १४ हजार डॉलरच्या वर होती. ती २०१८ पासून कमी केली गेली, पण तोवर विमा कंपन्यांच्या नकारांत सगळ्यात आधी अडकले ते कमी उत्पन्नाचे लोक. जॅक्सनमधल्या माणसाने पंधरा वर्षं न चुकता तपासणीला यावं आणि औषध आल्यावर ते त्याच्या नातवाच्या आवाक्याबाहेर असावं, हे मला अन्याय्य वाटतं. यात समजून घेण्यासारखं काही नाही.

वंशाचा अर्थ काय लावायचा

हे प्रकरण सांगितलं की काही जण पटकन निष्कर्ष काढतात: म्हणजे कृष्णवर्णीयांना कोलेस्टेरॉलपासून संरक्षण असतं. साफ चूक. शंभरातल्या दोन-तीन जणांकडे हा बदल आहे, सत्त्याण्णव जणांकडे नाही, आणि एकूण समाज हृदयरोगाने जास्तच मरतो आहे. माणसाच्या कातडीचा रंग बघून त्याच्या पीसीएसके९ बद्दल काहीही सांगता येत नाही. वंशावळीनुसार बदलतं ते एखादा जनुकबदल किती जणांकडे आहे त्याचं प्रमाण. एलडीएल मात्र धमनीत शिरून जे करायचं ते सगळ्यांच्यात करतं. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने जोखीम मोजण्याची 'प्रिव्हेंट' ही नवी समीकरणं आणली तेव्हा त्यांतून वंश हा रकानाच काढून टाकला. मला तो निर्णय योग्य वाटतो. अभ्यासात सगळे समाज असले पाहिजेत, पण एका माणसाचा हिशोब त्याच्या जातकुळीवरून करायचा नसतो.

लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच दुसऱ्या रक्तघटकाने हेच थोडं वेगळ्या वाटेने दाखवलं. १९६३ मध्ये ऑस्लोत कोरे बर्ग यांना तो सापडला. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येते, खाण्यापिण्याने फारशी हलत नाही, आणि समाजागणिक ती खूप बदलते. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासाच्या २०१९ च्या विश्लेषणात आफ्रिकी लोकांची मध्यम पातळी २७ मिलिग्रॅमच्या आसपास होती आणि चिनी लोकांची ८ च्या आत. पातळी ५० च्या वर गेली की हार्ट अटॅकची शक्यता दक्षिण आशियाई लोकांत दुपटीहून थोडी अधिक वाढलेली दिसली. आफ्रिकी गटात असा संबंध दिसला नाही. मग त्यांना तो निरुपद्रवी आहे का? तो गट लहान होता. एरिकमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास कृष्णवर्णीयांचा वीस वर्षं पाठपुरावा केला तेव्हा संबंध गोऱ्यांइतकाच स्पष्ट दिसला होता. 'दिसलं नाही' आणि 'नाही' यांत फरक असतो. तो बहुतेक वेळा किती माणसं मोजली यावर ठरतो.

आपल्या रिपोर्टपर्यंत

दक्षिण आशियाई माणसाला पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतल्यांना ५९ च्या सुमारास, हे इंटरहार्टनेच दाखवलं. सहा वर्षांचा हा फरक महाराष्ट्रातल्या घरांना आकड्यांशिवायही माहीत आहे. यातला बराच भाग तंबाखू, साखर, पोट आणि व्यायामाचा अभाव यांनी उलगडतो, आणि त्यासाठी कुठल्याही जनुकाची वाट बघायची गरज नाही. पण डलासमध्ये जे झालं ते आपल्याकडे अजून नीट झालेलं नाही: धडधाकट लोकांच्या घरी जाऊन, ज्यांचा आकडा विलक्षण चांगला आहे अशांना शोधणं.

शेजारी झालं आहे. पाकिस्तानात दहा हजारांहून जास्त लोकांची जनुकं वाचताना ट्रायग्लिसराइडशी जोडलेलं एपीओसी३ हे जनुक दोन्ही प्रतींत बंद असलेली माणसं सापडली. एका कुटुंबात नवरा-बायको दोघंही तसेच, त्यामुळे त्यांची नऊच्या नऊ मुलंही तशीच. या घरातल्यांना भरपूर स्निग्ध आहार देऊन पुढचे काही तास रक्त तपासलं. ट्रायग्लिसराइड नेहमीसारखं वाढलंच नाही. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे 'जीनोम इंडिया' प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचण्याचं काम झालं. पण जीनोमसोबत वर्षानुवर्षांची तब्येतीची नोंद नसेल तर जॅक्सनच्या ८५ जणांसारखं काही हाती लागणार नाही.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये लायपोप्रोटीन-ए प्रत्येकाने एकदा तपासावं असं सांगितलं. तेव्हापासून ही चाचणी मागणाऱ्या चिठ्ठ्या मला पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. रिपोर्टवर तिच्यासमोर "५० च्या आत" अशी मर्यादा छापलेली असते. हे ५० मूळचे कोपनहेगनमधल्या सर्वसाधारण रहिवाशांच्या पातळ्यांवरून आले आहेत. इंटरहार्टच्या दोन हजारांहून कमी दक्षिण आशियाई लोकांवर ते पडताळले गेले आणि टिकले. म्हणून मी ती मर्यादा मानते आणि खाली सही करते. आकडा ५० च्या वर असेल तर पेशंटला त्याच्या भावंडांची आणि मुलांची वयं विचारते, आणि त्यांनाही एकदा घेऊन या म्हणते.